अर्धा क्लच आणि पुरता ताप

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गिअरबॉक्सवर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मीही तो लिहिला नसता. परंतु मागल्या गळीत हंगामात आमच्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट माझ्या डाव्या पायाने जाळली. चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला, तोडलेला ऊस फडात वाळला आणि वजनकाट्यावर त्याची किंमत आबांना मोजावी लागली. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. न बोललेलेच अधिक लागते, म्हणून आपले नेमके चुकले कोठे, याचा शोध घ्यावा असे मनाने घेतले.

त्या शोधाला वळण दिले माझ्या मामाने. मामा अमेरिकेत कॅलिफोर्नियात असतो. यंदाच्या हंगामात तो घर बदलत होता. मोठ्या मोटारीमागे सामानाचा ट्रेलर जोडून, लॉस एंजेलिसच्या उत्तरेस ग्रेपव्हाइन नावाचा लांब चढ आहे, तो चढत होता. पुढे कोठेतरी रस्ता अडला होता आणि वाहने मुंगीच्या चालीने सरकत होती. एकाएकी समोरच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना उमटली. त्याने मोटार कडेला घेतली आणि आबांना फोन लावला. आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते. आबा कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन रांगेत होते आणि मी त्यांचा डबा घेऊन गेलो होतो.

"पाहुणं, जळका वास येतोय का?" आबांनी विचारले.

"वास नाही, दाजी. या गाडीला क्लचच नाही. गिअर आपोआप पडतात."

आबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "क्लच नसंना का. वज्जं तर हाय न्हवं? इंजिन बंद करू नगा. हुबं ऱ्हाऊन चालू ठेवा."

हा सल्ला आबांनी ट्रॅक्टरच्या अनुभवावरून दिला. पण तो मामाच्या गाडीलाही तंतोतंत लागू पडला. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी आपला साधा क्लच घेऊ. इंजिन सतत फिरत असते आणि चाक तर थांबलेले असते. या दोघांची गाठ हळूहळू घालून देणे हे क्लचचे काम. पाय अर्धवट सोडला की एक तबकडी जोरात फिरते, दुसरी रेंगाळते आणि दोघी एकमेकींवर घासतात. हातावर हात चोळले म्हणजे जसे गरम होतात, तसेच हे. ओढावयाचे वजन दुप्पट झाले, तर एकदा गाडी हलविताना होणारी उष्णताही साधारण दुप्पट होते. रांगेत शंभर वेळा गाडी हलली, तर हा हिशेब शंभर वेळा लागतो.

माझी चूक येथेच होती. पुढची ट्रॉली हातभर सरकली की मी लगेच अर्ध्या क्लचवर हातभर सरकत असे. आबा तसे करीत नाहीत. ते पुढे चांगले अंतर पडू देतात, मग सर्वांत खालचा गिअर टाकून क्लच पूर्ण सोडतात. ट्रॅक्टरला इतके हळू गिअर असतात की, क्लच पूर्ण जुळूनही तो माणसाच्या चालीने चालतो. घासणे नाही, म्हणून ताप नाही.

मोटारीला इतका हळू गिअर नसतो. मग आपोआप गिअर पडणाऱ्या मोटारीत इंजिन बंद न पडता ती मुंगीच्या चालीने कशी चालते? टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल, आणि दुसरा हाताने धरला तरी पहिला थांबणार नाही. वाऱ्याच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा, की टॉर्क कन्व्हर्टरची कल्पना आली. त्यात तिसरे, मधले पातेही असते. परतणारे तेल ते योग्य दिशेला वळविते. त्यामुळे गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. ही युक्ती मोटारीसाठी निघालेलीच नव्हती. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. मोटारीत असा कन्व्हर्टर १९४८ साली ब्यूइक कंपनीच्या डायनाफ्लो गिअरबॉक्समधून घरोघर पोहोचू लागला.

येथे तबकड्या घासत नाहीत, म्हणून जळका वास नाही. परंतु उष्णता टळली असे मात्र नाही. एक पंखा वेगाने आणि दुसरा मंद फिरत असला, की मधला फरक तेल घुसळण्यात जातो. वेग वाढल्यावर आतला एक लहान क्लच दोन्ही पंखे एकजीव करतो व घुसळणे थांबते. मुंगीच्या चालीत मात्र बहुधा ते जुळत नाहीत. त्यात चढ असावा आणि मागे ट्रेलर असावा! गाडी व ट्रेलर मिळून चार टन धरले, तर शंभर फुटांत सहा फूट चढणाऱ्या रस्त्यावर सुमारे २४० किलो वजन टांगल्याइतकी ओढ सतत मागे लागते. शिवाय गाडी धावत नसल्याने तेल थंड करणाऱ्या जाळीवर वाराही पुरेसा येत नाही. तेल फार तापले की पातळ होते, लवकर खराब होते, आणि मग गिअरबॉक्सच्या आतले क्लच झिजू लागतात.

आता आबांच्या सल्ल्याकडे वळू. हे तेल फिरविणारा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनावर चालतो. इंजिन बंद केले, की तापलेले तेल जागच्या जागी थांबते. इंजिन चालू ठेवून गिअर 'पार्क'मध्ये टाकला, की घुसळणे जवळजवळ थांबते आणि तेल जाळीतून फिरून निवत राहते. मामाने तसेच केले. वीस मिनिटांत सूचना गेली. उरलेला चढ त्याने खालचा गिअर हाताने धरून ठेवून, पुढे अंतर राखून, एका दमात थोडे थोडे असा पार केला. अशा गाड्यांत ओझे ओढण्यासाठी टो-हॉल नावाचे बटण असते. ते गिअरांची वारंवार अदलाबदल टाळते. मामाने ते त्या दिवशी पहिल्यांदा दाबले!

आपल्याकडे मोटारीमागे ट्रेलर क्वचितच दिसतो, पण रांग सर्वत्र आहे. २०१४ साली मारुतीची सेलेरियो आली, तेव्हापासून स्वस्त मोटारींतही आपोआप गिअर टाकण्याची सोय होऊ लागली. या प्रकारात तेलाचे पंखे नसतात. क्लच नेहमीचाच, फक्त तो दाबणारा पाय यंत्राचा. म्हणजे पुण्याच्या चौकात हातहातभर सरकताना अर्धा क्लच चालूच असतो, आपल्याला त्याची जाणीव मात्र होत नाही. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणे तर सर्वांत वाईट. त्या वेळी गाडी तसूभरही हलत नाही आणि इंजिनाचा सारा जोर उष्णतेत जातो. ब्रेक धरावा, अंतर पडू द्यावे, मगच निघावे.

फोन ठेवल्यावर आबा ट्रॅक्टरवरून उतरले आणि डबा घेऊन बांधावर बसले. रांग पुढे सरकली, तसे माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "जा, पुढं घे."

मी वर चढलो. पुढच्या ट्रॉलीला चांगली वीस पावले जाऊ दिली. मग पहिला गिअर टाकला आणि क्लचवरून पाय पूर्ण काढला.