शेजाऱ्याचं देणं

महाराष्ट्रात शेजारी देश आणि नीतिमत्ता असा विषय कुठे निघाला, की पाचव्या मिनिटाला गाडी पंचावन्न कोटींवर येते. कट्ट्यावरचे आजोबा असोत की मोबाइलवरचा मजकूर पुढे ढकलणारा नातू, दोघांचं म्हणणं एकच: गांधींनी पाकिस्तानला दान दिलं. मूळ हिशेब बघायला कोणी जात नाही. अविभाजित हिंदुस्थानच्या रोख शिलकीतले ७५ कोटी रुपये पाकिस्तानच्या वाट्याला आले होते. त्यातले २० कोटी सुरुवातीलाच दिले गेले. उरलेल्या ५५ कोटींचं डिसेंबर १९४७ मध्ये उभयपक्षी ठरलं आणि काश्मीरच्या लढाईमुळे ते अडवून धरले गेले. १३ जानेवारी १९४८ ला गांधीजींनी उपोषण सुरू केलं, १५ तारखेला मंत्रिमंडळाने पैसे सोडले. लढाई चालू असताना समोरच्याच्या हाती पैसा द्यावा का, यावर जरूर वाद घालावा. वल्लभभाईंची बाजू त्यात काही कच्ची नव्हती. पण वाद घालताना शब्द तरी नीट वापरावा. हे देणं होतं. दानाच्या खात्यावर त्याची नोंद करता येत नाही.

दान आणि देणं यांतल्या या फरकावर प्रस्तुत लेखकाने चाळीसेक वर्षं खर्ची घातली आहेत. मित्रांनी त्याची ‘तलाठी’ म्हणून थट्टा केली, कारण शेजारधर्माबद्दल बोलायला उभा राहिला की हा माणूस सातबारा, पाण्याच्या पाळ्या आणि करारांच्या तारखा काढून बसतो. थट्टा मान्य आहे. पण गेल्या पाऊणशे वर्षांचा आढावा घ्यायचा, तर भाषणांपेक्षा तारखाच जास्त बोलतात. भारत शेजाऱ्यांशी फार क्रूर वागला नाही. हे उपखंडाबाहेरच्या बड्या देशांकडे पाहून कबूल करावंच लागेल. आपला दोष वेगळा आहे. आपण कबूल करतो आणि मग वर्षानुवर्षं चालढकल करतो.

पंचशीलाबद्दल इथे फार लिहिण्यात अर्थ नाही. २९ एप्रिल १९५४ चा नेहरू सरकारचा चीनशी झालेला करार मुळात तिबेटशी व्यापार आणि येण्याजाण्याचा होता, पाच तत्त्वं त्याच्या प्रस्तावनेत होती, आणि त्याची मुदत आठच वर्षांची होती. ज्या तिबेटबद्दल तो करार होता, त्या तिबेटला कोणी विचारलं नव्हतं. आचार्य कृपलानींनी हे त्याच काळात संसदेत सुनावलं. मात्र १९५९ च्या मार्चअखेर दलाई लामा तवांगच्या बाजूने सीमा ओलांडून आले, तेव्हा त्यांना आसरा देण्याचं धैर्य त्याच नेहरूंनी दाखवलं, हेही टीकाकारांनी त्याच दमात सांगायला हवं. गोव्याबद्दल तर एवढंच, की डिसेंबर १९६१ मध्ये सुरक्षा परिषदेत आपल्याला अहिंसेचे धडे देणाऱ्यांना पोर्तुगालच्या साडेचारशे वर्षांच्या वसाहतीत काही अनैतिक दिसलं नव्हतं.

नेपाळचं प्रकरण समाजवादी मंडळींच्या जिव्हाळ्याचं. १९४३ मध्ये जयप्रकाश आणि लोहियांना नेपाळच्या तराईत पकडून हनुमाननगरला कोंडलं, आणि साथीदारांनी हल्ला करून त्यांना सोडवलं. पुढे नेपाळी काँग्रेस उभी राहिली ती भारतात आसऱ्याला असलेल्यांच्या हातून. लोकशाहीसाठी लढणारा नेपाळी तरुण बनारस, पाटणा, कलकत्ता इथे परका नव्हता. या भांडवलावर आपण किती काळ जगणार होतो? १९८९ च्या मार्चमध्ये व्यापार आणि वाहतुकीच्या करारांची मुदत संपली, तेव्हा दोन वगळता बाकीची नाकी आपण बंद केली. २०१५ मध्ये एप्रिलच्या भूकंपाने खचलेल्या नेपाळने सप्टेंबरात राज्यघटना जाहीर केली आणि मालमोटारी रक्सौलला थांबल्या. दिल्लीचं म्हणणं, नाकेबंदी आम्ही केलेली नाही, तराईतल्या मधेशी आंदोलकांनी रस्ता अडवला आहे. आंदोलक होते हे खरं, मधेशींची तक्रारही खोटी नव्हती. पण काठमांडूत ऐन थंडीत गॅसच्या सिलिंडरशिवाय लाकडं पेटवून भात शिजवणाऱ्या बाईला ही बारीक फोड कोण समजावणार? तिच्या लेखी दार लावलं ते भारतानेच. चीनकडून इंधन आणण्याची भाषा नेपाळमध्ये रुजली ती त्या हिवाळ्यात.

१९७१ हा आपला सोन्याचा काळ. पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास माणसं सीमा ओलांडून आली आणि त्यांना परत ढकललं नाही. साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल, त्या नोव्हेंबरपासून पत्राच्या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट चिकटवावं लागे, शरणार्थी साहाय्याचं.  परराष्ट्र धोरणाची वर्गणी भारतातल्या खेड्यापाड्यातला माणूस जिभेने ओलं करून चिकटवत होता, असं दृश्य पुन्हा दिसलं नाही.

आणि त्यातून जन्मलेल्या बांगलादेशाच्या बाबतीत आपण काय केलं, ते आता सविस्तर.

छिटमहल, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेला दुसऱ्या देशाचा तुकडा. हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर पहिल्यांदा कधी पडला असेल, सांगणं कठीण आहे. प्रस्तुत लेखकाने त्यावर एक मोठा लेख एका संपादकांकडे दिला होता. तो दोन स्तंभांत कापून परत आला, कडेला शेरा: ‘आपल्या वाचकाला कूचबिहारशी काय देणंघेणं?’ तेव्हाचा राग या निमित्ताने थोडा निघत असेल, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा नवाब बुद्धिबळ खेळताना गावं पणाला लावत, म्हणून एकाची गावं दुसऱ्याच्या मुलखात गेली, अशी तिकडे गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण खरं कारण अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल आणि कूचबिहार यांच्यात झालेल्या तहात आहे. ज्याच्या ताब्यात जी गावं होती ती त्याचीच राहिली. शेतकऱ्याचं त्यात काही बिघडत नव्हतं; सारा इकडे भरायचा की तिकडे, एवढाच प्रश्न. १९४७ ला रंगपूर पाकिस्तानात गेलं, १९४९ ला कूचबिहार भारतात आलं आणि साऱ्याच्या वहीतल्या रेघा आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या. बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ तुकडे, भारताच्या पोटात त्यांचे ५१. दहाला खगराबाडी नावाचा एक तुकडा तर असा, की बांगलादेशातल्या भारतातल्या बांगलादेशात तो भारत होता. दोनेक एकरांचं तागाचं शेत! जगात असा दुसरा नमुना नव्हता.

नकाशा मजेशीर, जगणं नाही. स्वतःच्या देशात पाऊल टाकायचं तर आधी परदेश ओलांडायचा, आणि परदेश ओलांडायचा तर पारपत्र हवं, आणि पारपत्र काढायचं तर आधी स्वतःच्या देशात जायला हवं. विजेचा खांब छिटाच्या हद्दीशी थांबायचा. चोरी झाली तर पोलीस यायचे नाहीत, कारण ती जमीन त्यांची नव्हती. मुलाला शाळेत घालायचं तर बाहेरच्या गावातला कोणीतरी कागदावर बाप करायचा. बाळंतपणासाठी दवाखान्यात जाणारी बाई नवऱ्याच्या जागी दुसऱ्याच माणसाचं नाव सांगायची. खरं सांगितलं तर पकडली जायची. अशा उसन्या बापांच्या नावाने शिकलेल्या मुलांचे दाखले पुढे कसे दुरुस्त करायचे, हा सरकारी कचेऱ्यांपुढचा मोठा पेच होऊन बसला.

यावर तोडगा नव्हता असं नाही. १९५८ चा नेहरू-नून करार होता. त्यात बेरूबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालय म्हणालं की भूभाग द्यायचा तर घटना बदला, नववी घटनादुरुस्तीही झाली. आणि प्रत्यक्षात काहीच झालं नाही. मग १६ मे १९७४ ला इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी सह्या केल्या. दक्षिण बेरूबारी भारताकडे राहील, बदल्यात दहाग्राम-अंगरपोता या छिटांत जाण्यासाठी तीन बिघ्याची पट्टी बांगलादेशाला कायमच्या भाडेपट्ट्याने मिळेल, बाकीच्या छिटांची अदलाबदल होईल. बांगलादेशाच्या संसदेने त्याच वर्षी मान्यता दिली. आपण?

तीन बिघा म्हणजे केवढी जागा? १७८ मीटर लांब, ८५ मीटर रुंद. चार पावलांवर संपणारी. भारताचा मेखलीगंज-कुचलीबाडी रस्ता आणि बांगलादेशाचा पाटग्राम-दहाग्राम रस्ता तिथे एकमेकांना छेदतात, चौकात भारतीय शिपाई उभा असतो, आणि तांदळाची पोती लादलेली सायकल-रिक्षा त्याच्यासमोरून एका देशातून त्याच देशात जाते. हा चौक उघडायला आपल्याला १८ वर्षं लागली. २६ जून १९९२ ला तो उघडला, तोही दिवसा, एक तास उघडा नि एक तास बंद अशा पद्धतीने. दहाग्राममध्ये रात्री कोणाला साप चावला तर सकाळची वाट बघायची. चोवीस तासांची मोकळीक २०११ मध्ये मिळाली. म्हणजे सही झाल्यापासून ३७ वर्षांनी.

मूळ करार तर त्याहून रखडला. २०११ मध्ये मोजदाद झाली: आपल्या छिटांत ३७,३३४ माणसं, त्यांच्या छिटांत १४,२१५. आपण १७ हजार एकर देणार आणि सात हजार एकर घेणार, एवढाच आकडा उचलून ‘दहा हजार एकर गेले’ अशी ओरड झाली. ज्या जमिनीवर एकाही भारतीय तलाठ्याचं पाऊल पडलं नव्हतं, ती गेली म्हणून गळा काढणाऱ्यांत काही नामांकित संरक्षणतज्ज्ञही होते. विरोधी बाकांवरून ज्यांनी अडवणूक केली, त्यांनीच सत्तेत आल्यावर विधेयक मंजूर करून घेतलं, आणि याचं श्रेय त्यांना निःसंकोच दिलं पाहिजे. ७ मे २०१५ ला लोकसभेत ३३१ विरुद्ध शून्य. शंभरावी घटनादुरुस्ती. ३१ जुलैच्या मध्यरात्री छिटमहल संपले. भारताच्या पोटातल्या चौदा हजारांनी भारतीय व्हायचं ठरवलं. बांगलादेशातल्या छिटांतून इकडे येणारे मात्र हजाराच्या आत निघाले, बाकीच्यांनी आपलं घर आणि शेत धरलं. एका सहीला ४१ वर्षं.

पाण्याचंही असंच. गंगेवरचा फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला, १९७६ च्या मे महिन्यात मौलाना भाशानींनी त्याविरुद्ध मोर्चा काढला, ढाक्याने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. तेव्हा परराष्ट्रमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते. महाराष्ट्रातल्या त्यांच्या गौरवग्रंथांत या प्रकरणाला फार तर एखादा परिच्छेद मिळतो. १९७७ मध्ये जनता सरकारने पाच वर्षांचा करार केला, नंतर तात्पुरती ठिगळं, १९८८ नंतर तीही नाहीत. शेवटी १२ डिसेंबर १९९६ ला देवेगौडा आणि शेख हसीना यांनी तीस वर्षांचा करार केला, आणि त्यामागे इंद्रकुमार गुजराल यांच्याइतकेच ज्योती बसू होते. प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मंनिम्मं, आणि ऐन टंचाईत, ११ मार्च ते १० मे या काळात, दर दहा दिवसांनी आलटून पालटून एकाला ३५ हजारांची हमी. ही पाळीची पद्धत नगर-नाशिकच्या कुठल्याही पाटकऱ्याला न शिकवता कळेल. नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव, श्रीलंका यांच्याकडून परतफेडीची अपेक्षा धरायची नाही, या गुजरालसूत्राची पुढे ‘भोळेपणा’ म्हणून टवाळी झाली. टवाळांनी गंगेच्या करारातलं पाळीचं एवढं एक पान तरी वाचायला हवं होतं.

बाकीचा आढावा भराभर उरकता येतो. श्रीलंकेत १९८७ मध्ये शांतिसेना पाठवली, बाराशेच्या आसपास जवान गमावले आणि दोन्ही बाजूंचे शत्रू झालो. ब्रह्मदेशात १९८८ ला विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिलो, जॉर्ज फर्नांडिसांनी दिल्लीतलं स्वतःचं सरकारी घर त्यांना उघडं केलं. काही वर्षांतच सरकारने लष्करशहांशी जमवून घेतलं. तिथल्या २०२१ च्या लष्करी उठावानंतर चिन जमातीच्या निर्वासितांना आसरा दिला तो मिझोरामने, दिल्लीच्या नाराजीसकट. मालदीवमध्ये २०१४ च्या डिसेंबरात माले शहराचं पाणी तुटलं, तेव्हा आपली विमानं आणि नौदलाचं जहाज पाणी घेऊन पोहोचलं. पुढे २०२४ मध्ये त्याच मालदीववर बहिष्कार घालण्याची मोहीम समाजमाध्यमांत चालली, तेव्हा त्या पाण्याची आठवण इकडे किती जणांना होती?

इथे ‘वास्तववादी’ मंडळी कौटिल्य पुढे करतात. शेजारी तो शत्रू, बस. हे वाक्य फेकणाऱ्यांपैकी किती जणांनी मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली अर्थशास्त्राची प्रत उघडली आहे, देव जाणे. सातव्या अधिकरणात एक जागा आहे. पूर्वाचार्य म्हणतात, शब्दावर किंवा शपथेवर केलेला तह डळमळीत. जामीन किंवा ओलीस घेतलेला तह पक्का. कौटिल्य ‘नाही’ म्हणतो. त्याच्या मते शब्दावरचा तहच पक्का, कारण तो मोडणाऱ्याला इथे आणि परलोकातही जाब द्यावा लागतो; जामिनाची ताकद फक्त या लोकापुरती. एवढ्या कठोर माणसाने हे लिहून ठेवलं आहे.

गोविंदराव तळवलकरांच्या काळात मराठी दैनिकात परराष्ट्र व्यवहारावर अग्रलेख येत आणि लोक ते कात्रून ठेवत. आज रात्री नऊच्या चर्चेत धडा शिकवण्याखेरीज दुसरं क्रियापद ऐकू येत नाही. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना दिल्लीला आल्या, तेव्हा आपण बांगलादेशाशी मैत्री केली होती की तिथल्या एका घराण्याशी, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानबरोबरचा १९६० चा सिंधू करार स्थगित झाला. त्यामागचा संताप रास्त होता. पण तीन युद्धं पचवलेला करार थांबला, याची दखल पूर्वेकडच्या शेजाऱ्यांनीही घेतली असणार.

बांगलादेशाबरोबरच्या तिस्तेच्या पाणीवाटपाचा मसुदा सप्टेंबर २०११ पासून सहीविना पडून आहे. गंगेच्या कराराची तीस वर्षं १२ डिसेंबर २०२६ ला भरतात.