चिंच, खार आणि पितळी पुंगळी

बंदुकीचा चाप ओढला की गोळी पुढे निघून जाते आणि मागे राहते ती पितळी पुंगळी. पंचनाम्यात तिची नोंद होते. लष्कराच्या आणि पोलिसांच्या गोळीबार सरावानंतर अशा रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून जमा कराव्या लागतात. जिथे कायद्याने मुभा आहे तिथले नेमबाज मात्र तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. काडतुसाचे भाग चार: ठिणगी पाडणारी टोपी, दारू, गोळी आणि पुंगळी. पहिले तीन एका बारात संपतात, चौथा उरतो. नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घालून तीच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते. पण त्याआधी ती स्वच्छ करावी लागते, आणि या स्वच्छतेचं एक पूर्ण शास्त्र आहे.

मेहकरच्या वाचकाला हे शास्त्र परकं वाटायचं कारण नाही. शारंगधर बालाजीच्या या गावात सण जवळ आला की समई, तांब्या, ताम्हण चिंचेने घासण्याची रीत घरोघर ठाऊक आहे. पितळेवर चढणारा काळपट थर म्हणजे मुख्यतः तांब्याचं ऑक्साईड. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो थर विरघळवतं. पुंगळ्या साफ करणारे चिंचेऐवजी सायट्रिक आम्ल, म्हणजे आपलं लिंबूसत, घेतात. पाण्यात चिमूटभर टाकलं तरी काम होतं.

आम्लाला साथ लागते खाराची किंवा साबणाची, कारण तेलकट थरापुढे आम्लाचं काही चालत नाही. तो खारही इथून लांब नाही. मेहकर हे अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं, आणि ‘ऐन-ए-अकबरी’त जवळच्याच लोणारच्या परिसरात काच व साबण करायला लागणारे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. आधी साबणाने किंवा खाराने चिकटा काढायचा, मग आम्लाने काळेपणा, मग भरपूर पाणी आणि लगेच कोरडं पुसणं. देवघरातल्या समईला आणि कारखान्यातल्या पुंगळीला हाच क्रम लागू पडतो.

पुंगळ्या घडवण्याचं, आणि त्या ओघात धुण्याचं, काम मोठ्या प्रमाणावर कुठे चालतं? मेहकरहून चिखली, बुलढाणा, मलकापूर करत पुढे गेलं की भुसावळजवळ वरणगाव लागतं. तिथला आयुध कारखाना १९६४चा. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना त्याहून जुना, १८६९चा. २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं आणि हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. पुंगळीच्या बुडावरचा छाप वाचला की ती कुठली हे कळतं: ‘के एफ’ म्हणजे खडकी, ‘ओ एफ व्ही’ म्हणजे वरणगाव.

पुंगळीचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं असतं. या प्रमाणात धातू न फाटता खोल ओढता येतो. पितळी चकतीची आधी वाटी होते आणि ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी होते. प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक होतं, म्हणून ते तापवून नरम करतात. तापवलं की वर काळी खपली धरते. ती काढायला सौम्य गंधकाम्लाची आंघोळ, वर पाण्याचा मारा, आणि मग पुढची ओढ. म्हणजे पुंगळीला पहिली धुलाई तिच्या जन्मातच मिळते, आणि तीही एकदा नव्हे.

बार उडताना ही नळी कामाला येते ती तिच्या लवचीकपणामुळे. आतल्या वायूच्या दाबाने ती क्षणभर फुगते, बंदुकीच्या चेंबरला घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. मागे राहते काजळी, टोपीची राख आणि कधी कधी ओलावा धरून ठेवणारे क्षार. काळ्या दारूच्या जमान्यात पुंगळ्या लगेच पाण्यात टाकाव्या लागत, नाहीतर पितळ खाल्लं जाई. पोटॅशियम क्लोरेटच्या जुन्या टोप्याही मागे मिठासारखा क्षार ठेवत. तो फक्त पाण्यानेच जातो.

आज पद्धती तीन. पहिली कोरडी: थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा घालून त्यात पुंगळ्या घोळवायच्या. दुसरी ओली: फिरत्या पिंपात पाणी, भांडी घासायचा साबण, चिमूटभर लिंबूसत आणि स्टेनलेस स्टीलच्या, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या काड्या. या काड्या पुंगळीच्या आत शिरतात आणि बुडातली टोपीची खोबणही घासून काढतात. त्यासाठी जुनी टोपी आधी काढलेली असावी लागते. तिसरी ध्वनिलहरींची: पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उठतात, फुटतात आणि कोपऱ्यातला मळ सोडवतात.

कोरड्या पद्धतीत एक धोका डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक टोप्यांमध्ये शिशाची संयुगं असतात, आणि भुगा चाळताना उडणाऱ्या धुळीत ते शिसं येतं. म्हणून जाणकार हे काम उघड्यावर, तोंडाला मास्क लावून करतात. मुलांना जवळ येऊ देत नाहीत आणि नंतर हात साबणाने धुतात. जेवणाच्या भांड्यात किंवा स्वयंपाकघराच्या मोरीत पुंगळ्या कधीच धुवायच्या नाहीत.

आम्ल थोडं असेल तर औषध, जास्त झालं तर विष. पुंगळी आम्लात फार वेळ राहिली की तिच्यावर गुलाबी झाक येते. पृष्ठभागावरचं जस्त निघून गेलं आणि तांबं उघडं पडलं, याची ती खूण. चिंचेत विसरून राहिलेला पितळी तांब्या तांबूस होतो तोही याच कारणाने.

पितळेचा खरा वैरी मात्र अमोनिया, आणि तो ओळखला गेला तो हिंदुस्थानातल्या पावसाळ्यामुळे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची इथली काडतुसं साठवणीतच चिरत. न वापरलेल्या पुंगळीच्या मानेला भेगा पडलेल्या दिसत. पावसाळ्यात त्या वाढत, म्हणून इंग्रजीत या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडलं. १९२१मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारण मांडलं. काडतुसं तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे आणि दमट हवेत तो पितळेत शिरे. आणि जिथे ओढताना कोंडलेला ताण होता, तिथेच धातू फाटे. यावर उपाय म्हणजे पितळ बेताने तापवून तो ताण मोकळा करणं. आजही पुंगळीला अमोनिया असलेलं पॉलिश लावू नये, हा नियम त्याच शोधातून आला.

स्वच्छ पुंगळी हातात घेऊन उजेडात फिरवा. मानेवर केसाएवढी उभी चीर आहे का? बुडाच्या थोडं वर एक चकचकीत गोल रेघ दिसते का? ही रेघ दिसली की समजावं, भिंत आतून पातळ झाली आहे आणि पुढच्या बारात बूड तुटून येऊ शकतं. जाणकार वाकवलेल्या तारेचं टोक आत घालून तिथला खड्डा चाचपतात. अशी पुंगळी थेट भंगारात जाते. काजळीखाली या दोन्ही खुणा लपून राहिल्या असत्या.

इथे कायदा विसरून चालणार नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, म्हणून भारतात पुंगळ्या भरणं हा घरगुती छंद होऊ शकत नाही. ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलला वापरतात ते .२२चं काडतूस तर पुन्हा भरताच येत नाही, कारण त्याचं पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेच्या आतच भरलेलं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. त्या पुंगळ्यांची सेवा एकाच बारात संपते.

तरीही ही कारागिरी समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पितळ घासणारा माणूस चकाकीच्या मागे लागला की वेळ वाढवतो, आम्ल वाढवतो आणि धातू झिजवतो. चीर आणि रेघ स्पष्ट दिसेल इतपत मळ गेला की काम झालं. उरलेली हलकी काळसर छटा पुंगळीला अपाय करत नाही. कुठे थांबायचं हे ज्याला कळलं, त्यालाच पितळ घासता आलं.