माथाडी : शब्द आणि संरक्षण

फलटणच्या बाजार आवारात पोती वाहणाऱ्यास आपण ‘हमाल’ म्हणतो. हा शब्द अरबीतून आला. ‘माथाडी’ मात्र ‘माथा’पासून घडलेला घरचा शब्द. महाराष्ट्राच्या 1969 च्या अधिनियमाने दोन्ही शब्द शीर्षकातच घेतले. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्याचे हे फळ. नित्य मालक नसलेल्या कामगाराची नोंदणी माथाडी मंडळाकडे होते. मालकाने मजुरी व तिच्यावरील आकारणी मंडळात भरावी आणि भविष्यनिर्वाह निधी मंडळाने सांभाळावा, अशी ही व्यवस्था आहे.

साखरेचे पोते पूर्वी 100 किलोचे असे, आता ते 50 किलोचे असते. (हा फरक मणक्याला आधी कळतो.) पण निर्यातीचा माल न्हावा शेवा बंदरात पोहोचला, की पुढे कंटेनर क्रेनने चढतो. 1989 साली सुरू झालेल्या या बंदराने माथ्यावरचा भार उतरवला, तसे कामही कमी केले. गोदामांतही आता फोर्कलिफ्ट आली आहे. कायद्याचे संरक्षण अंगमेहनतीशी जोडलेले असल्याने ती चालवणारा ‘माथाडी’ ठरतो का, हा वाद केवळ शब्दार्थाचा राहत नाही. कंत्राटदार त्यास ‘ऑपरेटर’ म्हणतो आणि तेवढ्याने त्याच्या मंडळातील नोंदणीचा प्रश्न उभा राहतो.