पडद्यावर चेहरा आपला, पण सातबारा कुणाचा?



आपल्या गावचा, आपल्या बोलीचा, आपल्या समाजाचा माणूस पडद्यावर हिरो म्हणून दिसला की छाती फुगते. फुगायलाच पाहिजे. पण धंदा शिकणाऱ्या माणसानं शिट्ट्या मारून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा असतो: या पिक्चरचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?

अमेरिकेत हा वाद जुना आहे. तिथले बरेच कृष्णवर्णीय लोक म्हणतात, स्टुडिओ, हक्क आणि वितरण दुसऱ्याच्या हातात असेल, तर पडद्यावर आमचे चेहरे वाढून उपयोग काय? दुसरी बाजू म्हणते, आधी दिसू तर द्या! मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. का ते सांगतो.

२०१८ मध्ये रायन कूगलर या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा 'ब्लॅक पँथर' आला. जगभरात १३० कोटी डॉलरच्या वर गल्ला झाला. हक्क मात्र मार्व्हलचे, म्हणजे डिस्नेचे. मग २०२५ मध्ये त्यानं 'सिनर्स' केला, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सशी करारच वेगळा केला. गल्ल्यात पहिल्या डॉलरपासून हिस्सा, पिक्चर शेवटी कसा दिसेल हे ठरवायचा अधिकार, आणि २५ वर्षांनी हक्क परत त्याच्याकडे. आता नीट बघा. 'ब्लॅक पँथर' त्याच्या मालकीचा नव्हता, पण त्या यशाच्या जोरावरच तो पुढच्या वेळी मालकी मागू शकला.

म्हणजे दिसणं हे भांडवल आहे. ते हिश्श्यात बदललं तर आपलं, नाहीतर दुसऱ्याच्या दुकानातली जाहिरात.

आता आपल्याकडे या. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांचा 'फँड्री' २०१४ मध्ये थिएटरात आला. गावानं कडेला ठेवलेल्या कैकाडी घरातल्या मुलाची गोष्ट. लेखन-दिग्दर्शन त्यांचं, निर्माते दुसरे. पदार्पणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नाव झालं. २०१६ मध्ये 'सैराट' आला, तेव्हा झी स्टुडिओजच्या जोडीला निर्माता म्हणून मंजुळेंची स्वतःची 'आटपाट' ही कंपनी होती. १०० कोटींचा गल्ला पार करणारा तो पहिला मराठी चित्रपट. २०१८ मध्ये 'नाळ' आला. त्यातही 'आटपाट' निर्माती होती आणि दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली 'सैराट'चे कॅमेरामन सुधाकर रेड्डी यक्कंटी यांना. त्या चित्रपटालाही पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पायऱ्या मोजा. आधी दुसऱ्याच्या पैशावर काम, मग भागीदारी, मग दुसऱ्याला संधी देणारा मालक. ही तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. हिरो एकट्याचं घर चालवतो, मालक दहा जणांचं.

मालकी फक्त पैशापुरती नसते. 'सैराट'वरून २०१८ मध्ये धर्मा प्रॉडक्शन्स आणि झी स्टुडिओजनी हिंदीत 'धडक' काढला. गोष्ट उदयपूरला गेली आणि जातीचा मूळ विषय बोथट झाला अशी टीका झाली. गोष्ट पुन्हा सांगताना काय ठेवायचं, काय गाळायचं, हे बनवणारा ठरवतो. ज्यांच्या जगण्यातून ती आली, त्यांना त्या टेबलावर खुर्ची असेलच असं नाही.

आणि हे कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको! बाबूराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले कारागीर. स्वतः कॅमेरा तयार केला आणि इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तिथं काम शिकलेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम १९२९ मध्ये बाहेर पडले. सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलाची साथ घेऊन पाच जणांनी 'प्रभात' काढली. हातात कला होती, पैसा दुसऱ्याचा होता, पण कागदावर ते नोकर नव्हते, भागीदार होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली आणि नाव देशभर झालं. पुढे 'प्रभात' बंदही पडली. मालकी घेतली की तोटाही आपलाच, हेही लक्षात ठेवा.

आता तुमचा धंदा. तुमच्या मसाल्याचा, चपलेचा, गुळाचा फोटो मोठ्या ब्रँडच्या पेजवर आला की आनंद होतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. ओरड झाली, मग त्यांनी मान्य केलं. ओरडीला धार होती, कारण २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन आहे. कागद हातात असला की आवाजाला वजन येतं.

म्हणून या आठवड्यात तीन कामं करा:

१. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कसाठी टाका. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करता येतं.

२. लोगो, फोटो, व्हिडिओ, जिंगल बाहेरून करून घेता ना? हक्क कुणाचे हे लेखी घ्या. कॉपीराइट हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती ५ वर्षंच धरतो. तोंडी बोलण्यावर राहू नका.

३. मोठा ब्रँड माल मागत असेल तर दर ठरवण्याआधी एक वाक्य विचारा: "लेबलवर आमचं नाव राहणार का?" नाही म्हणाले तर दर वाढवून सांगा. तुमची ओळख ते विकत घेतायत, तिची किंमत लावा.

पहिल्या ऑर्डरला सगळं पदरात पडणार नाही. 'फँड्री'लाही पडलं नव्हतं. पहिल्या वेळी नाव घ्या, दुसऱ्या वेळी हिस्सा मागा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर तुमच्या शेवटच्या तीन ऑर्डरचे कागद काढून वाचा, आणि तुमचं नाव कुठं कुठं आहे ते पेन्सिलनं गोल करा.