सूर्यकणांची मोजदाद

सूर्यापासून आपल्याला प्रकाश व उष्णता मिळते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु सूर्य कधीकधी पृथ्वीवर अतिसूक्ष्म कणांचा मारा करतो, हे फार थोड्यांना माहीत असते. सूर्यावर प्रचंड उद्रेक झाला, म्हणजे तेथील प्रोटॉन नावाचे कण विलक्षण वेगाने अवकाशात फेकले जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, की अंगाला जाणवत नाहीत. मग जमिनीवरून त्यांची मोजदाद करावयाची कशी?

अवकाशातून विश्वकिरणांचा वर्षाव पृथ्वीवर अहोरात्र होत असतो. तो मोजणाऱ्या यंत्रांतील आकडे २८ फेब्रुवारी १९४२ रोजी एकाएकी वाढले. अशीच वाढ ७ मार्च १९४२ व २५ जुलै १९४६ या दिवशीही झाली. स्कॉट फोर्बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने या नोंदी सूक्ष्मपणे तपासल्या. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, चुंबकीय विषुववृत्ताजवळ असलेल्या यंत्राने मात्र अशी वाढ दाखविली नव्हती. यावरून हे विद्युत्‌भारित कण सूर्याकडून आले असावेत आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाने त्यांना विषुववृत्तावर अडविले असावे, असे अनुमान त्याने १९४६ साली मांडले. ध्रुवांजवळ हा अडसर दुबळा असतो. म्हणून तेथील यंत्रे अधिक उपयोगी पडतात.

सूर्याकडून आलेला मूळ कण जमिनीपर्यंत क्वचितच पोहोचतो. हवेतील अणूच्या गर्भावर तो आदळतो, तो गर्भ फुटतो आणि त्यातून न्यूट्रॉन व इतर कण उडतात. हेच न्यूट्रॉन मोजण्याची युक्ती जॉन सिंप्सन या शास्त्रज्ञाने १९४८ च्या सुमारास काढली. या यंत्रात विशिष्ट वायूने भरलेल्या नळ्या असून त्यांच्याभोवती शिशाचा जाड थर असतो. न्यूट्रॉन शिशावर आदळला की आणखी काही न्यूट्रॉन बाहेर पडतात. मेणासारखा पदार्थ त्यांचा वेग मंद करतो. असा मंदावलेला न्यूट्रॉन नळीतील वायूने पकडला, की विजेचा एक बारीक ठोका उमटतो. ठोके मोजले की कणांचा अंदाज लागतो. हवेचा दाब वाढला तर ठोके कमी पडतात. म्हणून यंत्राशेजारी वायुभारमापकही ठेवावा लागतो.

२३ फेब्रुवारी १९५६ रोजी या यंत्रांची खरी कसोटी लागली. भारतात तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. इंग्लंडमध्ये मात्र रात्रीचा अंधार होता. तरीही तेथील लीड्स शहराच्या यंत्रावर न्यूट्रॉनांची संख्या नेहमीच्या चाळीस पटींहून अधिक झाली! सूर्य क्षितिजाखाली असतानाही त्याचे कण तेथे आले कसे? हे कण प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत येत नाहीत. चुंबकीय क्षेत्रे त्यांना वाकवितात, वळवितात आणि इतस्ततः विखुरतात. त्यामुळे अंधाऱ्या बाजूवरही ते पडू शकतात.

या गणतीचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. पृथ्वीवर आपल्याला हवेचे जाड कवच लाभले आहे. अवकाशयात्रीला ते नसते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये सूर्यावर मोठे उद्रेक झाले. त्या वर्षी एप्रिलमध्ये अपोलो १६ चे यात्री चंद्रावरून परतले होते, आणि अपोलो १७ चे डिसेंबरमध्ये निघावयाचे होते. उद्रेकाच्या वेळी कोणी चंद्रावर असता, तर त्याच्या प्रकृतीस मोठा धोका पोहोचला असता. उपग्रहांनाही या कणांपासून अपाय होतो. सर्वांत वेगवान कण काही मिनिटांतच पृथ्वी गाठतात. त्यांच्या मागून सावकाश येणारे कण संख्येने कितीतरी अधिक असतात. म्हणून जमिनीवरील यंत्रांनी पहिली वाढ टिपताच इतरांना सावध करता येते.

जमिनीवर जाणवणारे असे प्रसंग १९४२ पासून केवळ सत्तरांच्या वर काही थोडे घडले आहेत. त्यांची वाट पाहत ही यंत्रे वर्षानुवर्षे ठोके मोजीत असतात. बहुतेक दिवशी काहीच विशेष घडत नाही. परंतु त्या सामान्य दिवसांची नोंद असते, म्हणूनच असामान्य दिवस ओळखता येतो.