लघुपटाचा ध्वनी : अल्प निधीत सॉफ्टवेअरची निवड

मागील घटकात आपण लघुपटाच्या संवादांत बोलीचा वापर कसा करावा, याचा विचार केला. संवाद कागदावर उतरला म्हणजे लेखकाचे काम संपत नाही. तो मूळ उच्चारासह प्रेक्षकाच्या कानापर्यंत पोहोचावा लागतो. अंधुक दृश्य प्रेक्षक एकवेळ चालवून घेतो. न समजलेले वाक्य मात्र त्याला कथेबाहेर काढते. प्रकल्पासाठी हाताशी थोडेच पैसे असताना ध्वनिमुद्रणाचे व ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर कसे निवडावे, हे या घटकात पाहू.

प्रथम भाषेच्या बाजूने पाहू. ‘जग’ हा शब्द ‘विश्व’ या अर्थाने तालव्य उच्चाराने येतो, तर ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून तो दंततालव्य उच्चाराने येतो. लिपीत दोन्ही सारखेच. भेद कानालाच कळतो. ‘बाऊ’ आणि ‘भाऊ’ यांतील भेद श्वासाचा आहे. ‘म्हातारी’, ‘न्हाणे’ यांतही तोच श्वास असतो. गोंगाट कमी करणाऱ्या साधनाला हा श्वास आणि पंख्याची घरघर यांतील फरक नेमका कळत नाही. ते साधन अतिरेकाने वापरले की भाऊचा बाऊ होतो! म्हणून सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत किती करामती दिल्या आहेत, यापेक्षा ते बोलणे किती अबाधित ठेवते, हा निकष माझ्या मते अधिक महत्त्वाचा.

सर्वसाधारण संगणकासाठी पहिला पर्याय ऑडॅसिटी. २००० साली प्रथम उपलब्ध झालेले हे सॉफ्टवेअर मोफत व मुक्तस्रोत आहे. ध्वनिमुद्रण, काटछाट, आवाजाची पातळी सारखी करणे ही कामे ते उत्तम करते. त्यातील गोंगाट कमी करण्याची क्रिया दोन टप्प्यांत होते : आधी केवळ गोंगाट असलेला तुकडा दाखवायचा, मग संपूर्ण मुद्रणावर क्रिया करायची. त्यासाठी प्रत्येक चित्रीकरणस्थळी कोणी न बोलता अर्धा मिनिट तेथील शांतता मुद्रित करून ठेवावी. संपादनात दोन वाक्यांमधली पोकळी भरण्यासही ती उपयोगी पडते. ऑडॅसिटीची मोठी उणीव अशी की, त्यात चित्र दिसत नाही. ओठांच्या हालचालीशी संवाद जुळवायचा असेल, तर ते अपुरे पडते.

तेथे रीपर उपयोगी आहे. त्याची ६० दिवसांची चाचणी-मुदत विनामूल्य असते. त्यानंतर वैयक्तिक वापराचा सवलतीचा परवाना ६० डॉलरना मिळतो. रीपर जुन्या संगणकावरही हलकेच चालते आणि ध्वनीबरोबर चित्र दाखवते. तिसरा पर्याय दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. चित्रसंपादन आणि फेअरलाइट हा ध्वनिविभाग तिच्यात एकत्रच असल्याने फाइलींची ने-आण वाचते. परंतु तिला चांगला ग्राफिक्स कार्ड असलेला सक्षम संगणक लागतो. आपला संगणक साधा असेल, तर या मोहात पडू नये. महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रती सहज मिळतात हे खरे. पण इतके वैध पर्याय असताना संगणकात विषाणू ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी प्रकल्पाच्या आरंभीच ४८ किलोहर्ट्झ ही नमुना-वारंवारता निश्चित करावी. चित्रपट-व्हिडिओसाठी हीच रूढ आहे; ४४.१ ही सीडीची. उपकरणात सोय असल्यास २४ बिट ठेवावे. एका मार्गिकेचे असे असंपीडित मुद्रण तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेते, तेव्हा फोनमध्ये मुद्रण करणाऱ्यांनी आधी जागा मोकळी करावी. आवाजाची सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावी. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज सांधणे जवळपास अशक्य असते. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक वेगळे असतील, तर प्रत्येक दृश्याच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. तिचे टोक दोन्ही मुद्रणांत स्पष्ट दिसते आणि जुळवणी सोपी होते. पैसे उरलेच, तर ते सॉफ्टवेअरवर न घालता कॉलरला लावायच्या मायक्रोफोनवर खर्च करावेत. तोंडाजवळ नीट टिपलेल्या आवाजाला दुरुस्ती फारशी लागतच नाही.

भाषेच्या विद्यार्थ्यांना आणखी एक मोफत साधन सुचवतो : ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील बोएर्स्मा आणि वेनिंक यांनी घडवलेले प्रात. डच भाषेत या शब्दाचा अर्थच ‘बोल’ असा आहे. ते चित्रपटासाठी नाही, ध्वनिविश्लेषणासाठी आहे. पण गोंगाट काढताना उच्चारातील काय निसटले, हे त्याच्या वर्णपटलेखात डोळ्यांनी पाहता येते.

स्वाध्याय : घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला आपल्या बोलीत पाच वाक्ये बोलायला सांगून ती पंखा चालू असताना मुद्रित करा. ऑडॅसिटीत गोंगाट प्रथम थोडा, मग पुष्कळ कमी करा. तिन्ही मुद्रणे बोली न जाणणाऱ्या मित्राला ऐकवा आणि त्याला न कळलेले शब्द नोंदवून त्यांतील महाप्राण व दंततालव्य ध्वनी वेगळे काढा.