नक्षी आपली, ठसा कुणाचा?

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल उतरवली, कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, आणि दादरमध्ये रातोरात चर्मकलेचे जाणकार उगवले. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जो तो 2019 चं भौगोलिक मानांकन सांगू लागला. महाराष्ट्राचे चार जिल्हे, कर्नाटकाचे चार, सगळं तोंडपाठ. त्याच गदारोळात मी स्टेशनजवळच्या एका दुकानातून ‘एकदम ओरिजिनल’ म्हणून एक जोड घेतला. घरी येऊन चष्मा लावून पाहिलं, तर तळव्यावर टोपलीची वीण! अमेरिकेतल्या काउबॉयच्या खोगिरावर असते ती. तिकडच्या कॅटलॉगमध्ये या विणीचे ठसे एक्स अक्षराखाली येतात, आणि चाळीस वर्षं त्यांच्याशी झटापट केल्यामुळे मी त्यांना अंधारातही ओळखते.

इटलीने आपली चप्पल उचलली म्हणून आपण बोंब मारतो. टेक्सासची नक्षी कोल्हापूरच्या नावाने खपते, त्यावर मात्र चकार शब्द नाही. पुढे डिसेंबरमध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकर या दोन महामंडळांशी करार केला आणि 2000 जोड इथल्याच कारागिरांकडून करून घ्यायचं ठरलं. चांगलं झालं, चार घरांत काम येईल. पण त्या चामड्यावर उठणारा ठसा कोण घडवणार, हा प्रश्न एकाही बातमीत मला दिसला नाही.

एके काळी तो विचारावाच लागत नसे. आपल्याकडचे जिनगर घोड्याचं जीन शिवत आणि धातूचं कामही करत. मराठ्यांचे घोडे गेले, जिनांचं काम गेलं, तशी ही मंडळी ओतकाम, रंगकाम, मूर्तिकाम अशा वाटांनी पांगली. त्यामुळे चामडं आणि त्यावरचं हत्यार एकाच घरात घडण्याची सोय मोडली. इंग्रजी अमदानीचा आणि त्यानंतरच्या कित्येक वर्षांचा हिशेब मी इथे मांडत बसणार नाही. कमिट्या झाल्या, अहवाल झाले, 1974 मध्ये लिडकॉम महामंडळ झालं. हत्यारांचा विषय कुणी काढला असेल, तर त्याची खूण मला तरी बाजारात सापडली नाही.

मला बोलायचंय ते 1982 ते 1992 या दहा वर्षांबद्दल.

तेव्हा गोखले रोडवर एक हॉबी क्लास होता. नाव सांगत नाही. फी भरपूर, पंखा एक, आणि काचेच्या कपाटात कुलपात ठेवलेला अमेरिकन ठशांचा संच. आयातीवर निर्बंध होते, म्हणून हा संच कुणाच्या तरी जावयाच्या सुटकेसमधून आलेला. क्लासच्या बाई त्याला देव्हाऱ्यासारखं जपायच्या. ए म्हणजे पार्श्वभूमी दाबायचा, बी म्हणजे रेघेची एक बाजू उतरती करायचा, व्ही म्हणजे पानाच्या शिरांचा, पी म्हणजे नासपतीच्या आकाराचा. आम्ही दादरच्या मुली पर्सवर टेक्सासचे गुलाब आणि ओकची पानं ठोकत बसायचो. कुणी कोयरी किंवा तुळशीवृंदावन करायचं म्हटलं की बाई म्हणायच्या, “त्याचा ठसा येत नाही.” विषय संपला!

वर्गात चर्मकाराच्या घरातली एकही मुलगी नव्हती आणि ते कुणाला खटकतही नव्हतं. आम्ही ‘लेदर आर्टिस्ट’. खाली स्टेशनच्या पुलाजवळ साताऱ्याकडचे एक काका रापी, आरी आणि ऐरण घेऊन बसायचे, ते मात्र ‘चपला शिवणारा’. त्या काकांच्या पेटीत जे होतं ते आमच्या काचेच्या कपाटात नव्हतं. मोठ्या खिळ्याचं टोक कापून, घासून केलेला ठिपका. मोडक्या छत्रीच्या दांड्याची नळी कापून केलेलं बारीक वर्तुळ. पितळी बोल्टच्या डोक्यावर कानशीने आडव्या-उभ्या रेघा पाडून केलेली जाळी. मी विचारलं, “काका, हे कुठं मिळतं?” तर म्हणाले, “मिळतं कुठलं, करायचं.”

हे ‘करायचं’ मला शिकवलं ते परळच्या एका मामांनी. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. त्या संपावर भाषणं झाली, पुस्तकं झाली, नाटकं झाली. गिरणीच्या मेकॅनिक खात्यातल्या माणसांचं काय झालं, हे त्यात शोधून पाहा. मोडलेल्या यंत्राचा भाग बाहेरून मागवायचा नाही, आपणच करायचा, असा या फिटर-टर्नरांचा शिरस्ता. त्यांच्यातलेच हे मामा चाळीच्या गॅलरीत कोळशाची शेगडी आणि व्हाइस मांडून मिळेल ते काम करत. मला त्यांच्याकडे पाठवलं एका बायंडिंगवाल्याने.

मामा ठसे करायचे ते भंगारातल्या स्पिंडलचे. पोलाद कडक, त्यावर कानस घसरायची. म्हणून आधी शेगडीत लालबुंद करून रात्रभर राखेत पुरून ठेवायचं. सावकाश थंड झालं की पोलाद मऊ पडतं. मग हॅकसॉने कापायचं आणि बारीक कानशींनी तोंड घडवायचं. चामडं काही लोखंड नव्हे, त्यामुळे ठशाला पुन्हा पाणी देऊन कडक करायची गरज नाही. हातोडी बसते ते डोकं तर मऊच हवं, नाहीतर कपच्या उडतात. मला मात्र तोंड जितकं धारदार तितकं चांगलं असं वाटायचं. मामांनी माझा पहिला ठसा अंगठ्यावर फिरवला आणि परत दिला. “धार नको, बाय. हयसर गोलाई होयी.”

ते खरंच होतं. धारदार कडा चामड्याचा वरचा पापुद्रा कापते. गोल कडा तो दाबून बसवते. छाप दोन्हींचा उठतो, पण कापलेल्या नक्षीला वर्षभरात भेगा पडतात. म्हणून घडवण्याला जेवढा वेळ, तेवढाच पॉलिशला: आधी पॉलिश पेपर, मग तेल, मग जुन्या पट्ट्याच्या उलट्या बाजूवर घासणं. दर थोड्या वेळाने ओल्या तुकड्यावर छाप मारून बघायचं, कारण ठशाच्या तोंडाकडे बघून काहीच कळत नाही.

त्यांच्याकडची दुसरी शिकवणी डागांची होती. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं ओलं असताना त्यावर उघडं लोखंड टेकलं की काळा डाग पडतो, आणि तो जन्मात जात नाही. हिरडा आणि हिराकस यांची शाई पोथ्यांसाठी पिढ्यानपिढ्या होत आली; तीच ही रसायनं. अमेरिकन ठसे चकचकीत का असतात, ते मला तेव्हा कळलं. काचेच्या कपाटातल्या ज्या लकाकीला आमच्या बाई भुलल्या होत्या, ती डाग टाळायची सोय होती! मामा ठशांना निकल चढवून आणत, नाहीतर सरळ पितळेत करत.

मग मी कपाटातल्या देवांना हात घातला. स्वतःच्या पैशांनी मागवलेल्या संचातला पी ठसा काढला. थेंबासारखा, दोन्ही बाजू सारख्या. एक कड कानशीने आत घेतली, टोक किंचित वाकडं सोडलं, आणि कोयरी झाली. ती ओळीने ठोकली की थेट पैठणीचा काठ. दुसऱ्या एका ठशावरची चौकडी घासून गुळगुळीत केली, कारण आपल्या जाड चामड्यावर ती नुसता चिखल करायची. क्लासच्या वार्षिक प्रदर्शनात ती कोयरीची पर्स ठेवली, तर परीक्षकांचा शेरा आला: “हत्यारे प्रमाणित नाहीत.” कागद अजून आहे माझ्याकडे.

अक्षरांची गंमत वेगळीच. इंग्रजी अक्षरांचा संच सव्वीस ठशांत आटोपतो. रानडे रोडवरच्या दुकानांना कीचेनवर मराठी नावं हवी होती. तिथे ‘श्रद्धा’ आली की सगळे हात टेकायचे. त्याच काळात खिळ्यांची छपाई मरत होती. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने, राणोजी रावजी आरूंसारख्या कारागिराच्या जोरावर, देवनागरी खिळ्यांचा जो घाट घालून दिला होता, त्याची जागा आधी फोटोटाइपसेटिंगने आणि मग कॉम्प्युटरने घेतली. प्रबंधांच्या पुठ्ठ्यावर सोनेरी नाव उठवणाऱ्या बायंडरांकडे पितळी अक्षरं अजून होती, कारण शिशाची अक्षरं तापवता येत नाहीत. ती आम्ही उसनी आणली. पण एकेक ठोकलं की शिरोरेषा जिन्यासारखी वरखाली व्हायची. मामांनी तोड काढली. अक्षरं रेघेशिवाय घडवली. काना, वेलांटी, रफार यांचे वेगळे बारीक ठसे केले. आणि सगळं नाव ठोकून झालं की शेवटी एका लांब पट्टीने शिरोरेषा एका घावात मारायची. नाव एका दोरीवर बसल्यासारखं सरळ. कुठल्या तरी महामंडळाने ही युक्ती उचलायला हवी होती. मी अर्जही केला होता; निदान त्याची पोच तरी द्यायची.

1992 नंतरची वीसेक वर्षं भराभर उलटावी अशीच आहेत. खेरवाडीच्या शासकीय तंत्रनिकेतनात चर्मवस्तूंची पदविका होती, पण शिकून निघालेली मुलं धारावीत कंपन्यांच्या डायऱ्यांवर गरम डायने लोगो उठवू लागली. क्रोमच्या मऊ चामड्यावर हाताचा ठसा टिकत नाही, उसळून वर येतो; त्यामुळे हाताचं काम आपोआप बाहेर पडलं. आयात खुली झाली, मग ठशांचे स्वस्त संच घरपोच येऊ लागले. तेच अमेरिकन गुलाब, नकलेची नक्कल, कडा खडबडीत. गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. आमच्या डोळ्यांसमोर कोहिनूर मिलचा टॉवर झाला. व्हाइस आणि कानशी भंगारात किलोवर गेल्या. 2015 च्या कायद्याने हत्याबंदीत गाईबरोबर बैल आणि वळूही आले. तेव्हापासून कोल्हापुरीवाले जाड चामड्यासाठी म्हशीवर आणि परराज्यांवर अवलंबून. ज्याला चामडंच मिळवायची मारामार, त्याने ठसे कधी घासायचे? म्हणून तो बाजारातला टोपलीचा ठसा घेतो. त्या जोडाबद्दल मी कारागिराला दोष देत नाही. दोष देते तो दुकानदाराला, ज्याला नक्षी कुठली हे ठाऊक नाही आणि तरी ‘ओरिजिनल’ म्हणतो. आणि आम्हाला, जे विचारत नाही त्यांना.

आता धारावीचा पुनर्विकास चालू आहे, आणि चामड्याच्या गाळ्यांपैकी कुणाला कुठे जागा मिळणार याच्या नुसत्या वावड्या. ठसे दुरुस्त करून देणारा एक जण तिकडे उरला होता, तोही दिवाळीनंतर वसईकडे गेला. फोन केला तर म्हणतो, “कुरियर करा.” कोयरीची कड किती घासायची ते कुरियरने कसं सांगू?

गेल्या महिन्यात शेजारच्या बिल्डिंगमधला, इंजिनियरिंग शिकणारा एक मुलगा थ्रीडी प्रिंटरवर केलेले मराठी ठसे दाखवायला आला. प्लास्टिकचे, पण प्रेसखाली ओल्या चामड्यावर छाप झकास उठतो आणि डागाची भानगड नाही. जोडाक्षरं सगळी, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ सुद्धा. मी कडांवरून अंगठा फिरवला आणि मामांचं वाक्य त्याला मराठीत, म्हणजे पुस्तकी मराठीत, सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, फाइलमध्ये गोलाई टाकतो, मिनिटाचं काम आहे.” टाकलीही. पण शिरोरेषा त्याने प्रत्येक अक्षराला चिकटवून ठेवली आहे, आणि ओळ जिन्यासारखीच उठते. रेघेची पट्टी वेगळी करायला सांगितलीय. हो म्हणालाय, परीक्षा संपल्यावर.